झूरहून परतताना उतरवलेली खाला

माझ्या खोलीतल्या खालावर अन्याय झाला तो शुक्रवारी, दुपारी पावणेचार वाजता, झूरहून अब्बासियाला परत येताना. मी तिच्या शेजारीच बसले होते. तिचा हात माझ्या हातात होता आणि तो मी सोडला. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढे लपवता येणार नाही.

खाला म्हणजे मावशी, पण ती माझी नात्यानं कुणी नाही. ती रत्नागिरीकडची, खाडीकाठची. कुवेतमधल्या अब्बासियात आम्ही चौघी एका फ्लॅटमध्ये राहायचो, त्यात तिची माझी खोली एक. मी दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला, ती एका सफाई कंपनीतर्फे शाळेत झाडूपोछ्याला. पहाटे कंपनीची बस तिला उचलायची आणि संध्याकाळी आणून टाकायची. कुवेतमध्ये अकरा वर्षं काढून तिनं इथला समुद्र फक्त त्या बसच्या काचेतून पाहिला होता. ते ऐकून राग मला आला, तिला नाही. अहमदीत राहणारी माझी ताई आणि भावजी त्या शुक्रवारी झूरला जाणार होते. मी खालाला म्हटलं, तूही चल.

झूर हे दक्षिणेचं लहानसं गाव. नावाजलेलं काही नाही, सहलीला निघालेले लोक बहुतेक दुसरीकडेच थांबतात. एका बाजूला वीजकेंद्राच्या चिमण्या, दुसऱ्या बाजूला उथळ पाणी आणि मासेमारीच्या चार होड्या.

खाला आधी नाहीच म्हणाली. तिच्याकडे बताका नव्हता. बताका म्हणजे इथलं ओळखपत्र. ते खिशात असल्याशिवाय कुणी कोपऱ्यावरच्या दुकानातही जात नाही. कंपनीची सरकारी कागदपत्रं बघणारा मंदूब नूतनीकरणासाठी सगळ्या बायकांची कार्डं गोळा करून घेऊन गेला होता आणि प्रत्येकीच्या हातात एक झेरॉक्स ठेवून गेला होता. खालानं ती प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून जपली होती. मी उघडून पाहिली. खाली कंपनीचा निळा गोल शिक्का, त्यावर सही. मी म्हटलं, एवढं पुरे.

हे मी म्हटलं. पुण्यात सफाई कामगार बायकांसाठी मी दोन वर्षं पत्रकं लिहिली आहेत. मूळ कागद कुणाच्या हाती देऊ नका, हे वाक्य मी स्वतः ठळक अक्षरांत छापून घेतलंय. तरी शिक्का दिसल्यावर माझं डोकं तिथंच थांबलं. रेशनकार्ड असो, नाहीतर तहसीलदाराचा दाखला, गोल शिक्का बसला की आपल्या लेखी कागद खरा. त्यावर लिहिलंय काय, हे मग कोण वाचतं?

वाळूवर चटई टाकली. खालानं तांदळाच्या भाकऱ्या आणि जवळ्याची चटणी आणली होती. समुद्र पाहून ती हरखेल असं मला वाटलेलं. ती कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिली.

"ह्याला काय समुद्र म्हणतात गो? लाट नाय, काय नाय. तळं हाय तळं."

भावजी म्हणाले, तळं पार इराणपर्यंत जातं, खाला, बघा पोहून. ती हसली, सलवार वर खोचून पाण्यात शिरली आणि भिजू नये म्हणून पर्स माझ्याकडे देऊन गेली. पर्समध्ये ती पिशवी होती. सहज म्हणून मी कागद पुन्हा उघडला आणि या वेळी तारीख वाचली.

कार्डाची मुदत दहा दिवसांपूर्वी संपली होती. इथं कार्ड आणि अकामा, म्हणजे राहायचा परवाना, बरोबरच संपतात. म्हणजे गेले दहा दिवस खाला या देशात बेकायदा होती. कंपनीला ते ठाऊक होतं, मंदूबला ठाऊक होतं. तिला ते ठाऊक नव्हतं. मुदत संपलेल्या माणसाला पकडलं की बोटांचे ठसे घेऊन परत पाठवतात, मग पुन्हा येणं नाही. आणि तिला घरातून बाहेर मी काढलं होतं.

खाला गुडघाभर पाण्यातून हात वर करून मला शिंपल्या दाखवत होती. रस्त्यावरून एक पांढरी जीप गेली तर पोलिसांची समजून मी चक्क रस्ता आणि खाला यांच्या मध्ये उभी राहिले, जणू माझ्या ओढणीआड ती लपणार होती. मंदूबला फोन लावला. शुक्रवार, इथली सुट्टी. बंद.

भावजींना गाडीमागे नेऊन सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, मी नोकरदार माणूस, उद्या मला विचारतील, हिला गाडीत का घेतलं.

"मग काय इथंच ठेवून जायचं तिला?" ताई म्हणाली.

"मी असं म्हटलं नाही."

"म्हटलंत."

तेवढ्यात खाला आली. मीच तिला सगळं सांगितलं. मला ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मंदूब तर म्हणाला होता चालतंय, एवढंच ती पुटपुटली. मग खाली बसून तिनं पायाचं एकेक बोट पुसलं, चपला घातल्या.

"चला. आता काय हितं घर बांधायचं हाय?"

आम्ही परतीच्या वाटेला लागलो. प्रत्येक पुलाखाली, प्रत्येक वळणावर मी आधी लाल-निळे दिवे शोधत होते. खाला ओठांतल्या ओठांत दुआ म्हणत होती. आणि मग ते दिसले. रस्त्यावर शंकू मांडलेले, गाड्या एका रांगेत.

पोलीस तरुण होता, सभ्यही होता. आमची तिघांची कार्डं त्यानं परत दिली. खालाचा कागद घेतला, उलटून कोरी बाजू पाहिली, पुन्हा सुलटा केला. शिक्क्यावर त्याची नजर ठरलीसुद्धा नाही. त्यानं तारखेवर बोट ठेवलं आणि मग दाराकडे दाखवलं.

माझ्याकडे वाक्यं तयार होती. कार्ड कंपनीनं नेलंय, चूक कंपनीची आहे, कंपनीला बोलवा. कारखान्यांच्या फाटकांवर मी याहून मोठ्यांदा बोलले आहे. भावजी मागे न वळता मराठीत हळूच म्हणाले, "एक शब्द बोलू नकोस." मी बोलले नाही. भावजींना दोष देत नाही. ते म्हणाले नसते तरी माझी जीभ उचलली नसती. खालानं माझ्याकडे पाहिलं.

"तू बस गो. तू उतरू नको."

तेव्हा मी हात सोडला. बाजूला उभ्या असलेल्या मिनीबसमध्ये ती चढली. आधी बसलेल्या एका बाईनं सरकून तिला जागा दिली.

रविवारी मी कंपनीच्या ऑफिसात गेले. सुपरवायझरनं मला बसायलाही सांगितलं नाही. तो म्हणाला, तिला फिरायला जायला कुणी सांगितलं होतं? दोन आठवड्यांनी खालाला थेट कोठडीतून विमानात बसवलं. तिचे कपडे आम्ही मागाहून पाठवले. बाकीच्या बायकांची कार्डं तेव्हाही मंदूबच्या खणातच होती आणि त्या रोज त्याच बसनं कामावर जात होत्या.

तुम्ही अहमदीत राहता, जहरात राहता, तुमच्याकडे चालू कार्ड आहे, कंपनीत तुमच्या शब्दाला वजन आहे. तुमच्या ऑफिसात लादी पुसणारी, चहा आणून देणारी बाई आहे. उद्या सकाळी तिला विचारा, तुझं कार्ड कुणाकडे आहे आणि त्यावर तारीख कुठली आहे. ते कंपनीकडे असेल, तर तिच्याबरोबर मंदूबच्या टेबलापर्यंत चालत जा आणि कार्ड तिच्या हातात पडेपर्यंत तिथून हलू नका.