भागूबाईंची सुकेळ्यांची पेटी

रविवारी सकाळी विनया तांदळाच्या भाकरीची उकड मळत होती, तेवढ्यात दारावर थाप पडली. शेजारची एलिसा उंबऱ्यातच नाक वर करून उभी होती.

"विनया, गूळ करपतोय का गं तुमच्याकडे?"

गॅसवर तर नुसतं पाणी होतं. मागच्या खोलीत सुकेळ्यांची, म्हणजे केळी सुकवायची, विजेची पेटी चालू होती, आणि सासूबाई, भागूबाई, आतून कडी लावून पेटीशेजारीच झोपल्या होत्या.

उमेळे गावात लग्न होऊन आल्यापासून भागूबाई पिकलेली राजेळी केळी सोलून उन्हात वाळवत आल्या होत्या. अंगणात मांडव होता तोवर मांडवावर. वाडीच्या जागी इमारत उभी राहिली, तशी त्यांनी गच्ची गाठली. संध्याकाळी केळी गोळा करून केळीच्या खोडाच्या वाळक्या सोपटात गुंडाळायची, सकाळी पुन्हा पसरायची. मागच्या वर्षी जिन्यात गुडघा लचकला आणि विनयाच म्हणाली, "आई, पुरे आता." त्या वाद घालत बसल्या नाहीत. नुसत्या खिडकीत बसून राहू लागल्या. ते बसणं त्यांच्या मुलाला, चंद्रहासला, बघवेना.

मग त्याने जुन्या लोखंडी कपाटाची पेटी केली. आत हीटर, पंखा, तापमान मोजणारा सेन्सर, आणि ठरवलेल्या आकड्यावर हीटर चालू-बंद करणारं सर्किट. कपाटाला अर्थिंग, बोर्डावर झटका बसण्याआधी वीज तोडणारं स्विच, आणि पेटीच्या आत छताला एक थर्मल फ्यूज. सर्किटने दगा दिलाच, तर तो वितळून हीटर बंद पाडणार.

"एका हीटरला तीन राखनदार?" भागूबाईंनी टोमणा मारला होता. "माझ्या लग्नात एवढे मानकरी नव्हते."

आता विनया दार बडवत होती. "आई! कडी काढा."

आतून हूं की चूं नाही. चंद्रहास धावत आला. त्याने आधी मेन स्विच पाडलं, मग दाराला खांदा लावला. तेवढ्यात कडी सरकली. भागूबाई केस सावरत उभ्या.

"काय झालं? भूकंप झाला काय?"

विनयाने त्यांचा हात घट्ट धरला आणि बराच वेळ सोडलाच नाही.

पेटी गार पडत चालली होती. वरच्या जाळीवरची केळी काळपट झाली होती, त्यांचा पाक तळाला जळला होता. आग नाही, धूर नाही. छताचा फ्यूज तेवढा वितळून हीटर बंद पडला होता. चंद्रहासने प्लग उपसला आणि सेन्सर शोधू लागला. तो सापडला केळ्यांच्या मधोमध, सोपटात नीट गुंडाळून सुतळीने बांधलेला.

"आई, हे कोणी केलं?"

"मीच. रात्री काय उघडं ठेवायचं नसतं. तो बिचारा एकटाच उघडा लोंबत होता."

ओल्या केळ्यांच्या कुशीत सेन्सरला गारच वाटत राहिलं, आणि हीटर काही थांबला नाही. चंद्रहास आधी कपाळाला हात लावून बसला, मग हसू लागला. एलिसा दारातूनच म्हणाली, "मावशी, त्याला दुपटंही शिवा आता."

विनयाला मात्र हसू येईना. ही पेटी आजच अडगळीत टाकायची, हे तिच्या ओठांवर आलं होतं. भागूबाईंनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि ओळखलं. त्या पलंगाच्या कडेला टेकल्या. काळं पडलेलं एक केळं उचलून त्यांनी मोडलं, आत अजून लाल होतं. अर्धं सुनेला दिलं.

विनयाने ते चावलं. कडवट कडेच्या आत चांगलं गोड लागत होतं. तिने श्वास सोडला, तसे खांदेही सैल पडले.

"माझं चुकलं गो," भागूबाई म्हणाल्या. "पेटी दुसऱ्या खोलीत ठेवा, रात्री बंद ठेवा, माझं काय म्हननं नाही. पन काढून टाकू नका. मला ती चालू-बंद कशी करायची, तेवढं शिकवा."