कमलीबाईच्या हारातले रुपये

मदनसिंग राठोड शेलूबाजार ते मंगरूळपीर जीप चालवतो. चांदीच्या नाण्यांचा नाद त्याला पन्नाशीच्या आसपास लागला. बायकोचे, रुपाबाईचे, पैंजण सांधायला तो मंगरूळपीरच्या एका सोनाराकडे गेला होता. आटवायला काढलेल्या मोडीत एक काळपट रुपया पडला होता. त्यानं सहज उचलून पाहिला, तर एका बाजूला मुकुट घातलेला राजा आणि दुसऱ्या बाजूला शंभर वर्षांपूर्वीचं साल. हा आता मुशीत जाणार म्हणून त्याला कसंतरीच झालं. त्यानं तो विकत घेतला आणि परतीच्या वाटेवर खिसा दहादा चाचपला.

मग जीपमध्ये सवाऱ्या भरेपर्यंत तो मोबाइलवर नाण्यांचे व्हिडिओ पाहू लागला. खरी चांदी दगडावर कशी वाजते, राणीचा रुपया कोणता, राजाचा कोणता, सगळं शिकला. बाजारात एकदा पितळेवर मुलामा दिलेला रुपया गळ्यात पडला, तेव्हा रुपाबाई आठवडाभर हसत होती. त्यानं पारदर्शक खणांचा एक अल्बम आणला. पण खण भरता भरेनात.

तेव्हा त्याला बहिणीचा हार आठवला. कमलीबाई त्याच्याहून बरीच मोठी. आई गेली तेव्हा मदनसिंग रांगत होता. कमलीबाईनंच त्याला पाठीशी बांधून ऊसतोडीवर नेलं, वाढवलं. तिच्याकडे कडी लावलेल्या जुन्या रुपयांचा हार होता. तीजेला आणि लग्नकार्यात ती तो घाले. कोणता रुपया कोणाचा हे ती सांगत बसे. हा नवऱ्यानं पहिल्या तोडीच्या उचलीतून घेतलेला, हा सासूनं दिलेला, हा आईचा. मदनसिंगनं हे इतक्यांदा ऐकलं होतं, की तो आता नुसता हूं हूं करायचा.

यावेळी बहिणीच्या तांड्यावर जाऊन त्यानं हार हातात घेतला आणि एकेक साल वाचलं. एक रुपया एकोणीसशे अकराचा निघाला. राजाच्या अंगरख्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून लोकांनी नाकारलेला, म्हणूनच दुर्मिळ झालेला. फोटो काढून आणून देतो, असं तो म्हणाला.

कमलीबाईनं हार फडक्यात बांधून दिला. "ने. पण तोडू नोको," एवढंच ती बोलली.

त्यानं तो तोडला. आधी एकच रुपया काढायचा होता, पण कडीसकट अल्बमच्या खणात तो बसेना. मग वाटलं, सगळेच नीट सालवार लावू, नंतर बाईला पुन्हा ओवून देऊ. सोनारानं कड्या उतरवून दिल्या. घरी मदनसिंगनं खायचा सोडा लावून दातांच्या ब्रशनं रुपये घासले. वर्षानुवर्षांचा काळेपणा निघाला, रुपये टाकसाळीतून आल्यासारखे चकाकले. त्याला फार आनंद झाला.

अकोल्याला नाण्यांचं प्रदर्शन भरलं तेव्हा तो अल्बम घेऊन गेला. एका वयस्कर संग्राहकानं भिंग लावून अकराचा रुपया बराच वेळ पाहिला. कडीचा डाग तर आहेच, पण जुन्या नाण्यावरचा तो काळा थर म्हणजेच त्याचं वय, ते तुम्ही घासून टाकलं, असं त्यानं हळू आवाजात समजावलं. आता ही फक्त चांदी. मदनसिंगनं अल्बम मिटला.

तसाच तो तांड्यावर गेला. कमलीबाई ओट्यावर तूर निवडत होती. त्यानं रुपये तिच्या सुपात ठेवले. ती एकेक उचलून बोटांनी कडा चाचपू लागली. तिला अक्षर येत नव्हतं. प्रत्येक कडी वेगळ्या सोनाराची, कोणती जाड, कोणती पिळाची. त्यावरूनच ती रुपये ओळखायची, हे मदनसिंगला तेव्हा कळलं.

"याच्यातला याडीचा कोनता हाय रे?" तिनं विचारलं.

आईचा म्हणून एक तरी दाखवावा, असं क्षणभर मनात आलं, पण जीभ रेटेना.

"मालूम नाही, बाई."

ती रागावली नाही. रुपये फडक्यात बांधून तिनं घरात नेऊन ठेवले आणि त्याला चहा दिला. पुढे त्यानं नव्या कड्या लावून घेतल्या, सगळ्या एकसारख्या, आणि हार ओवून दिला. तिनं तो ठेवून घेतला.

गेल्या उन्हाळ्यात मदनसिंगच्या मुलीचं, निताचं, लग्न झालं. तांड्यावरच्या बायका गाणी म्हणत बसल्या होत्या आणि कमलीबाई मध्ये, उघड्या गळ्यानं. मदनसिंगनं जवळ जाऊन विचारलं, "बाई, हार नाही घातला?"

"जड होते आता मानेले," ती म्हणाली. मग पाहुण्यांसाठी गाडी गेली का, म्हणून तिनं विचारलं. मदनसिंग जीपकडे गेला. गाडी सुरू करून तो पाहुण्यांना आणायला निघाला.