वळताना अडणारी गाडी

त्या वर्षांत मी हिंजवडीतल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करत होते. घाटात भटकायची आवड म्हणून मी एक जुनी ऑल-व्हील ड्राइव्ह गाडी घेतली. इंजिनाची ताकद चारही चाकांना जाते, तसली. सासरे गणिताचे निवृत्त शिक्षक. नारायण पेठेतल्या आमच्या बोळात ती उभी पाहून म्हणाले, "छान आहे. आता बोळ कुठे ठेवायचा?"

काही महिन्यांनी गाडी वळताना अडायला लागली. स्टिअरिंग पूर्ण फिरवून सावकाश वळलं, की कुणी मागून धरल्यासारखी गचके द्यायची. सरळ रस्त्यावर काही नाही. गॅरेजवाला म्हणाला, "पुढची-मागची चाकं जोडणारा भाग उघडावा लागेल." दोष नेमका कळल्याशिवाय काही उघडायचं नाही, ही माझी ऑफिसातली सवय.

रविवारी मार्केट यार्डला भाजीला निघताना सासऱ्यांना म्हटलं, "बाबा, वाटेत मी गाडी गोल फिरवते, तुम्ही बाहेरून बघाल का?"

"मला गाडीतलं काही कळत नाही."

"म्हणूनच. दिसेल तेवढंच सांगाल."

एका मोकळ्या जागेत, डांबरावर, मी वळले. गाडी गचकली. "मागचं चाक फरफटतंय," ते म्हणाले. शेजारच्या मातीवर तेच वळण घेतलं. एकही गचका नाही.

"मातीत चाक घसरू शकतं," मी म्हणाले. "डांबरावर चाकांची आपसात ओढाताण होतेय."

"मग मध्यंतरी काय बदललं?"

मागचा एक टायर फाटला, तेव्हा मी तेवढा एकच नवा घातला होता. सासऱ्यांनी विटेच्या तुकड्याने मागच्या दोन्ही चाकांवर जमिनीलगत खुणा केल्या. मी गाडी सरळ पुढे नेली, ते वाकून मागून चालले. थोडं गेल्यावर झिजलेल्या चाकाची खूण आधी खाली आली.

"परीघ वेगळे," ते समाधानाने म्हणाले.

एका नव्या टायरमुळे मागची जोडी पुढच्या झिजलेल्या जोडीशी जुळत नव्हती, आणि तो ताण मधल्या भागावर पडत होता. चारही टायर सारखे घातले. तिथलं तेल काढलं तर काळं, जळका वास येणारं; म्हणून वळताना तो भाग पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळं फिरू देत नव्हता. "वेळेत आलात," गॅरेजवाला म्हणाला. नवं तेल घातल्यावर गचके थांबले.

संध्याकाळी सासरे शेजाऱ्यांना सांगत होते, "दोष आम्ही पकडला." ते 'आम्ही' दोघांचं होतं की एकट्याचं, मी विचारलं नाही.