लिफ्टजवळची जागा

गजेंद्र नलवडे मूळचे गडहिंग्लजचे. पण त्यांची नोकरीची सगळी वर्षं मद्रासजवळच्या आवडी या उपनगरात, संरक्षण खात्याच्या एका कारखान्याच्या कचेरीत गेली. तेवढ्या काळात मद्रासचं चेन्नई झालं आणि कारकुनाचे ते अधीक्षक झाले. निवृत्तीनंतर परत जायचा विषय निघाला, तेव्हा लक्षात आलं की गावाकडं आता आपल्याला ओळखणारं कोणी उरलेलं नाही. मग ते आणि विद्युलताबाई इथंच राहिले, नुंगंबाक्कमच्या एका गल्लीत, भाड्याच्या घरात.

कचेरीत त्यांचं नाव होतं ते टिपणीसाठी. नलवड्यांच्या टिपणीवर वरचा साहेब हरकत काढू शकत नसे. प्रत्येक वाक्याच्या मागं ते काहीतरी आधार उभा करत. कुठला नियम, कुठलं परिपत्रक, कोणी कोणाला काय सांगितलं होतं, सगळं. बिनआधाराचं वाक्य म्हणजे बिनपायाची भिंत, असं ते नव्या मुलांना सांगायचे. ही सवय इतकी अंगात मुरली होती, की एकदा दूधवाल्याला जादा दुधाची चिठ्ठी लिहितानाही त्यांनी ‘आपण तोंडी दिलेल्या आश्वासनास अनुसरून’ अशी सुरुवात केली. विद्युलताबाईंनी ती चिठ्ठी फाडून पिशवीत नुसतं रिकामं पातेलं ठेवलं. दूधवाल्याला बरोबर समजलं.

घर चांगलं होतं, फक्त गाडीला जागा नव्हती. घरमालक मस्कतला. त्यानं घर देताना सांगितलं होतं, रस्त्यावर लावा, सगळे लावतात. तशी ती लावलीही. पुढं मेट्रोच्या कामाचे पत्रे गल्लीच्या तोंडापर्यंत आले आणि रस्त्यावर सायकल टेकवायलाही जागा उरली नाही. नलवडे गाडी घेऊन फेऱ्या मारत बसायचे. एकदा असेच घामाघूम होऊन जिन्यापाशी आले, तेव्हा तळमजल्यावरच्या राघोत्तम रावांनी त्यांना हटकलं.

राघोत्तम राव तंजावरच्या मराठी घराण्यातले. बँकेतून निवृत्त झालेले, नलवड्यांपेक्षा वयानं बरेच मोठे. त्यांची मराठी ऐकताना नलवड्यांना पहिल्यांदा हसू यायचं. शब्द जुने, मध्येच तमिळ, आणि वाक्याचा हेल तर सरळ कावेरीकाठचा. पण त्या माणसाला मराठी बोलायला कोणी भेटलं की चेहरा असा उजळायचा, की हसू आपोआप मागं सरायचं.

“वांगो, वांगो! या, या! गाडी घेऊन काय प्रदक्षिणा करतां? अम्ची जागा अहे की. लिफ्टच्या बाजूस. रिकामी अहे.”

“तुमची गाडी?”

“अय्यो, ती केव्हांच विकली. आतां कनकाचा ऑटो तेवढा येतो. मंगळवारीं आणि शुक्रवारीं सकाळीं. तेवढा वेळ सोडून तुम्ही लावा.”

कनकाबाईंचं डायलिसिस एग्मोरच्या एका दवाखान्यात चालू होतं. ऑटो थेट आत येऊन त्या रिकाम्या जागेत उभा राहायचा, लिफ्टच्या बाजूलाच. घराच्या दारापासून ऑटोच्या पायरीपर्यंत त्यांना भिंतीचा आधार मिळायचा. तिथून पुढं मात्र चढण होती. या भागात रस्ता दर वेळी नवा थर चढून उंच होत गेला आणि इमारत होती तिथंच राहिली, त्यामुळं गाड्यांच्या जागेतून फाटकाकडं जायचं म्हणजे चढावर जायचं. चाकाच्या खुर्चीचा विषय काढला तर कनकाबाई म्हणायच्या, “मी काय स्टेशनांतलं सामान अहे?”

तेव्हापासून नलवड्यांची गाडी लिफ्टजवळ लागायला लागली. ठरलेल्या दोन सकाळी ते ती आधीच बाहेर काढत आणि भाजी आणायला जात. वर्षभर असं सुखात चाललं. दिवाळीला विद्युलताबाईंनी तळमजल्यावर चकल्या दिल्या. चकली खाऊन कनकाबाई म्हणाल्या, “मुरुक्कू चांगलं झालं. थोडं अम्च्यासारखं झालं असतं तर आणि चांगलं.”

मग इमारतीच्या मंडळानं गाड्यांचं काम एका खासगी कंपनीकडं दिलं. फाटकाला आडवा दांडा आला, काचांवर चिकटवायची चिठ्ठी आली, आणि महिन्याभरात नलवड्यांच्या मोबाइलवर गाडीचा फोटो आला. विनापरवाना वाहन, दिवसाप्रमाणे आकार, मागील तारखेपासून. आकडा जवळजवळ महिन्याच्या भाड्याएवढा होता. मस्कतहून घरमालकाचा निरोप आला, तुम्ही भरा, नाहीतर मी ॲडव्हान्समधून कापून घेईन.

पैशापेक्षा ‘विनापरवाना’ हा शब्द त्यांना लागला. जन्मात कधी सरकारी पेन घरी नेलं नाही त्या माणसाला कोणीतरी विनापरवाना म्हटलं होतं. त्या संध्याकाळी ते जेवणाआधी लिहायला बसले. कितीतरी दिवसांनी हात सुरू झाला होता. मुद्दा एक, मुद्दा दोन, उपमुद्दा अ. विद्युलताबाई मागं येऊन उभ्या राहिल्या आणि वाचू लागल्या.

“अहो, यात रावांचं नाव कशाला?”

“मग आधार काय देऊ? परवानगी होती म्हणायचं, तर कोणाची ते सांगायला नको?”

“त्यांना विचारलंत का, नाव घालू का म्हणून?”

“खरं तेच लिहितोय ना. खऱ्याला काय विचारायचं?”

“आणि ‘सदर सभासदांकडे गेली अनेक वर्षे वाहन नसल्याने जागा रिक्तच होती’ हे? तेही हवंच?”

“तो तर मुख्य मुद्दा आहे,” नलवडे म्हणाले. “आपल्यामुळं कोणाची अडचण झाली नाही, हे त्यातूनच सिद्ध होतं.”

विद्युलताबाई आत गेल्या. नलवड्यांनी मेल मंडळाला पाठवली, आणि जन्माच्या सवयीनं कंपनीला व घरमालकालाही प्रत माहितीसाठी लावली.

आठवड्याभरात उत्तर आलं. आकार रद्द. त्यांनी ते उत्तर बायकोला मोठ्यानं वाचून दाखवलं, आणि बऱ्याच दिवसांनी स्वतः उठून दोघांसाठी कॉफी केली. गाडीचं पुढं बघू, मिळेल कुठंतरी जागा, असंही म्हणाले.

पुढच्या मंगळवारी ते गच्चीच्या कठड्यापाशी उभे होते. ऑटो फाटकाशी आला. दांडा उघडला नाही. थोड्या वेळानं चढावर राघोत्तम राव दिसले. एका हातात दवाखान्याची पिशवी, दुसऱ्या हातात कनकाबाईंचं मनगट. कनकाबाई काठी टेकत दोन पावलं टाकत आणि थांबत. थांबल्या की राव मागं वळून बघत, कुठली गाडी येते का म्हणून. एक आली. दोघं भिंतीला चिकटून उभे राहिले. मग पुन्हा दोन पावलं. नलवड्यांना आधी कळेना हे काय चाललंय. मग त्यांची नजर खाली लिफ्टकडं वळली. तिथं एक नवी कोरी, उंच, काळी गाडी उभी होती.

ते तडक मंडळाच्या सचिव हरिप्रिया यांच्याकडं गेले. त्या चौथ्या मजल्यावर राहायच्या आणि घरूनच काम करायच्या. बोलणं अर्थातच तमिळ आणि इंग्रजीत झालं.

“अंकल, जागा ज्याच्याकडं गाडी आहे त्यालाच, हा नियम पहिल्यापासून आहे,” त्या म्हणाल्या. “आणि स्वतःची जागा परस्पर दुसऱ्याला दिली तर ती जाते, हाही.”

“पण इतकी वर्षं तुम्ही काही म्हटलं नाहीत.”

“कारण कोणी काही लिहिलं नव्हतं! त्यांच्याकडं गाडी नाही हे काय मला माहीत नव्हतं? इमारतीतल्या मांजरालाही माहीत होतं. ऑटो कशासाठी येतो तेही माहीत होतं. म्हणून तर सगळे गप्प होतो. तुम्ही कंपनीलाच लेखी कळवलंत. आता मी डोळे कसे मिटू?”

नलवड्यांनी कपाळावरचा घाम पुसला. “मी तक्रार मागं घेतो. आकार भरतो. पूर्ण भरतो.”

“त्यानं काय होणार? जागा दुसऱ्याला दिली, त्याच्याकडून पैसे घेतले. आणि ज्याच्या नावावर जागा नाही, त्याच्या ऑटोला कंपनी आत सोडत नाही.” हरिप्रिया थोड्या नरमल्या. “खरं सांगू का? मी तेव्हा वाचवायला बघितलं होतं. स्वतः खाली जाऊन राव सरांना विचारलं. म्हटलं, नलवडे अंकल म्हणतात तुम्ही परवानगी दिलीत. नसेल दिली तर नाही म्हणा, मी तेवढंच कंपनीला कळवते. तुम्हाला एकदा दंड बसला असता, बास. ते म्हणाले, दिली.”

नलवडे जिन्यानं खाली आले. लिफ्टनं यायचं तर तळमजल्यावर रावांच्या दारासमोर उतरावं लागतं, म्हणून त्या दिवसापासून ते जिन्यानंच जाऊ-येऊ लागले, आणि तेही मागच्या बाजूच्या. शुक्रवारी सकाळी ते पूजेला जरा जास्तच वेळ बसले. बाहेरून चढावरचा काठीचा आवाज येत होता. आवाज थांबला की यांचं स्तोत्र थांबे, आणि आवाज सुरू झाला की मागची ओळ पुन्हा म्हणावी लागे.

विद्युलताबाई कॉफीचा पेला ठेवताना एकदा म्हणाल्या, “मागच्या जिन्याला दिवा नाही. पडाल एखादे दिवशी.”

सोमवारी संध्याकाळी ते रावांच्या दारात जाऊन उभे राहिले. घंटा वाजवायच्या आधीच दार उघडलं. राव बाहेर निघाले होते.

“वांगो! कुठं होतां तुम्ही? दिसला नाहींत. ताप वगैरे अहे काय?”

त्या स्वरात तसूभरही फरक नव्हता. नलवड्यांना तोच सहन होईना. रागावले असते तर बोलणं सोपं गेलं असतं. ते आत जाऊन खुर्चीच्या टोकावर बसले. कनकाबाई पलंगावर उशीला टेकून होत्या, डोळे मिटून.

“राव, तुम्ही नाही म्हणायचं होतंत.”

“कसलं?”

“हरिप्रियांनी विचारलं तेव्हा. परवानगी दिली नाही म्हणायचं. मी भरला असता दंड. मला काही जड नव्हतं.”

राव समोरची खुर्ची ओढून बसले. मग म्हणाले, “तुम्ही लिहिलं होतंत. खालीं तुमचं नांव होतं. मी नाहीं म्हटलं तर तुम्ही लबाड झालां असतां. या इमारतींत मराठी बोलणारे तुम्ही दोघं, अम्ही दोघं. त्यांतला एक लबाड, असं लोकांनी म्हणावं काय?”

“पण वहिनींचं…”

“तें झालं. परवाइल्ले, कांहीं हरकत नाहीं. दंड माफ झाला ना तुम्चा?”

“झाला.”

“मग एक तरी काम झालं.”

नलवड्यांनी मान खाली घातली. माफी मागायची म्हणून चार वाक्यं ते मनाशी जुळवून आले होते, आणि त्या चारही वाक्यांत त्यांची स्वतःची बाजू होती: मला कल्पना नव्हती, नियम ठाऊक नव्हता, हेतू वाईट नव्हता. सगळं खरं होतं. इतकं सगळं खरं असूनही बोलवेना.

पलंगावरून आवाज आला. कनकाबाईंचे डोळे मिटलेलेच होते.

“हे तुम्हांस कांहीं बोलणार नाहींत. मी बोलतें. यांना ऐंशी होऊन गेलीं. चढावर मला धरतात म्हणतात. कोण कोणास धरतें तें देवासच ठाऊक. मी पडलें तर हेही पडणार.”

“कनका,” राव म्हणाले.

“गप्प बसा. गजेंद्रराव, तुम्ही खंत करीत बसूं नका. खंतीनं माझे पाय चालत नाहींत. उद्यां सकाळीं या. तुम्ही मला धरा. ते पिशवी धरतील.”

मंगळवारी नलवडे वेळेच्या कितीतरी आधी खाली जाऊन उभे राहिले. कनकाबाई आल्या, तेव्हा त्यांना क्षणभर कळलं नाही कुठं धरायचं. चुडे भरलेला तो हात इतका हलका लागेल असं वाटलं नव्हतं. दवाखान्याच्या सुईनं कोपराच्या वर गाठी उठलेल्या होत्या, तिथं बोटं लागू नयेत म्हणून त्यांनी तो तळव्यावर नुसता पेलून धरला.

लिफ्टजवळची काळी गाडी ओलांडून ते चढाला लागले. दोन पावलं झाली, चार झाली. कनकाबाई थांबल्या. त्यांचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. राव पिशवी घेऊन मागं उभे होते. वर फाटकापलीकडं ऑटोवाला मान वाकवून बघत होता.

नलवड्यांना वाटलं, आता म्हणावं. अगदी हळू, फक्त त्यांनाच ऐकू जाईल असं. ते जरा वाकले.

“वहिनी, माझी फार मोठी…”

“आतां बोलूं नका,” कनकाबाई म्हणाल्या. “मला पायाकडं बघायचं अहे.”

नलवड्यांनीही खाली बघितलं. कनकाबाईंचा उजवा पाय पुढं सरकला, चाचपून टेकला, आणि सगळं वजन त्यांच्या हातावर आलं.