अक्काचा नंबर

आमचे मामंजी सरकारी दवाखान्यात केसपेपर सांभाळायचे. स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी तिथं एक जाडजूड पुस्तक आलं. त्यात प्रत्येक आजाराला नंबर. डॉक्टर आजार लिहायचे, मामंजी पुस्तकात शोधून पुढं नंबर टाकायचे. त्या पुस्तकानं त्यांना इतकं झपाटलं, की घरातही तोच कायदा झाला. नंबर असेल तर अंथरूण, नसेल तर काम.

माझी थोरली जाऊ गडहिंग्लजची. मी तिला अक्का म्हणायची. एकदा ती चुलीपुढंच बेशुद्ध पडली. फेफरं समजून सासूबाईंनी नाकाला कांदा लावला. दवाखान्यात मात्र नव्या यंत्रावर तिच्या छातीचा आलेख निघाला आणि डॉक्टरांनी लिहिलं, हार्ट ब्लॉक. ठोक्याचा निरोप काळजाच्या वरच्या कप्प्यातून खाली पोचायच्या आधीच अडतो, असं मामंजींनी जेवताना समजावलं. वर नंबरही म्हणून दाखवला, नातवाचं नाव सांगावं तशा कौतुकानं.

त्या दिवसापासून अक्काचं पाणी भरणं बंद, दळण बंद. ते सगळं माझ्या डोक्यावर. ती उन्हाला बसून शेंगा फोडायची आणि मी आडावरून कळशा आणायची. तिला दूध, मला ताक. नुसता जळफळाट व्हायचा माझा. मलाही धाप लागते, असं मामंजींना सांगून बघितलं.

"दमणं नंबरात बसत न्हाय, पोरी," पुस्तक न उघडताच ते म्हणाले.

एकदा मी अक्काची नाडी धरून बघितली. अगदी सावकाश चालली होती. हिचं काळीजसुद्धा सवडीनं काम करतं, असं मनात आलं.

पुढं मला दिवस गेले. मामंजींनी पुस्तक चाळलं. बाळंतपणालाही नंबर निघाला! कळशांसाठी लगेच मोलकरीण ठेवली. मी मुद्दाम अक्काच्या समोर बाज टाकली आणि दुधाचा पेला घेऊन ऐसपैस पडले. बघ म्हटलं, आता माझी पाळी.

अक्का उठून माझ्या पायाशी येऊन बसली.

"माझ्या नंबराखाली डॉक्टरांनी आणिक एक ओळ लिवलीया," ती म्हणाली. "मूल हूं द्यायचं न्हाय म्हणून. मामंजींनी तेवढी सांगितली न्हाय कुणाला."

मी दुधाचा पेला खाली ठेवला.

"माझा नंबर तू घे की," अक्का म्हणाली. "तुझा मला देतीस?"

माझा हात आपोआप पोटावर गेला, आणि तिनं तो बघितला.