नऊ तासांवरचा लेक

बुरोंडीच्या हौसाचा जन्म दापोलीच्या बाजारात मासळी विकण्यात गेला. सकाळची एसटी, पायाशी टोपली आणि वासावरून कंडक्टरची रोजची कुरकुर. नवरा महिपत होडीवर जायचा. थोरली योगिनी चिपळुणात दिलेली. धाकटा स्वरूप रत्नागिरीत इंजिनिअर झाला आणि लंडनला नोकरीला लागला.

निघताना त्यानंच आईची समजूत काढली होती. "सात हजार किलोमीटर ऐकून घाबरू नको गं. मुंबईहून विमानात बसलं की नऊ तास. आपली एसटी मुंबई गाठायला आठ घेते! तू हाक मार, मी आलोच."

हौसाला ते इतकं पटलं, की बाजारात कुणी "लेक फार लांब गेला" म्हटलं, की बांगडे साफ करता करता ती ठसक्यात सांगायची, "लांब कुठला? एसटीपेक्षा तासभर जास्त."

त्यानंतर तो एकदाच आला, स्वतःच्या लग्नाला.

गेल्या मार्गशीर्षात जाळं ओढताना महिपत होडीतच कोसळला. किनाऱ्याला आणला तेव्हा सगळं संपलेलं. हौसानं आधी फोन लावला, मग हंबरडा फोडला.

"मी निघतो आई," स्वरूप हुंदके देत म्हणाला. "मी आल्याशिवाय आबांना हलवू नका."

जेटीवरून बर्फ आणला. जन्मभर ज्या बर्फात महिपतनं मासळी भरली, त्यातच त्याला ठेवला. वितळलेलं पाणी हौसा फडक्यानं टिपत राहिली. योगिनी दिवस मावळायच्या आत पोचली. दुसरा दिवस उजाडला, दुपार झाली, तेव्हा स्वरूपचा फोन आला.

"आई, रजेचं जमत नाही गं. नवं काम याच आठवड्यात सुरू होतंय. आणि नुसते नऊ तास थोडेच? विमानतळावरचा खोळंबा, मग मुंबईहून गाव..."

"म्हणजे तू विमानात बसलाच नाहीस?"

"तिकीटच काढलं नव्हतं अजून. दीपकला व्हिडिओ लावून फोन धरायला सांग ना, मी इथून बघतो."

दीपक, महिपतचा पुतण्या, फोन धरून शेजारीच उभा होता. हौसा त्याला म्हणाली, "बंद कर तो."

भावकीतले म्हातारे हरिश्चंद्र पुढे झाले. "आता अग्नी दीपकच देईल."

"योगिनी देईल."

"बाईमाणूस मसणात?"

"बापासाठी ती आली. तीच देईल."

दोघं-तिघं तिथूनच माघारी फिरले. हौसानं त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

मे महिन्यात सुट्टी काढून स्वरूप आला, सोबत बायको शमिका. ओटीवर बसून तो खूप रडला. "फोन का बंद केलास आई? मला शेवटचं बघताही आलं नाही."

"बघायचं होतं तर यायचं होतंस."

त्यानं डोळे पुसले. मग म्हणाला, "आता इथं एकटी राहू नको. होडी विकून टाकू, तू चल माझ्याकडे."

"होडी योगिनीच्या नावावर केली," हौसा म्हणाली आणि पानं घ्यायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच दोघं गणपतीपुळ्याला निघाली. तिथलं हॉटेल आधीच ठरलेलं होतं. गाडी सुरू झाली तेव्हा हौसा अंगणात सुकत घातलेले बोंबील परतत होती. स्वरूपनं काच खाली करून हात हलवला. तिनं हातातलं काम सोडलं नाही.