मेंढीची एक तंगडी, पाच दिवस

नोलीन क्रॉथर्सच्या घरात रविवारी भाजलेली मेंढीची तंगडी गुरुवारपर्यंत पुरायची, आणि ही थाप नाही, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. रविवारी गरम काप, सोबत बटाटा नि लाल भोपळा. सोमवारी तेच मांस थंड, लोणच्याबरोबर. मंगळवारी राहिलेलं बारीक करून त्यावर कुस्करलेला बटाटा थापायचा आणि पुन्हा ओव्हनमध्ये. बुधवारी हाडाला चिकटलेलं खरवडून, कांदा नि शिळ्या ब्रेडचा चुरा घालून टिक्क्या. गुरुवारी हाडाचं सूप. शुक्रवारी मॅकरोनी, शनिवारी टोस्टवर डब्यातला घेवडा. हा तक्ता फ्रीजच्या दाराला चिकटवलेला असे आणि त्यात बदल करायची कुणाची टाप नव्हती. खाणारी माणसं पाच : ती, नवरा केल्विन, बारा वर्षांची लीॲन, दहाचा शेन आणि सात वर्षांची धाकटी मुलगी जोडी. पाच तोंडं, पाच दिवस, एक तंगडी! करून दाखवा बघू.

आमचं गाव गव्हाचं. केल्विन गव्हाच्या कोठारावर ट्रक तोलून घ्यायच्या कामाला होता. पगार बरा, पण असा काही नाही की उडवावा. नोलीन पावरोटी नेहमी आदल्या दिवशीची घ्यायची, निम्म्या किमतीत. मांसातून सुटलेली चरबी गाळून बरणीत भरायची आणि ब्रेडवर लोण्याऐवजी तीच फासायची. दुकानातून आलेली खाकी कागदाची पिशवी हाताने सपाट करून, चार घड्या घालून खणात ठेवायची. गावातल्या काही बायका मागे तिला चिकट म्हणायच्या. म्हणोत बापड्या! त्याच बायकांनी तिला गावच्या महिला मंडळात उभं करून तासभर बोलायला लावलं होतं, आणि एका तंगडीत पाच दिवस कसे काढायचे ते वह्यांत उतरवून घेतलं होतं.

पण हा पोटाला चिमटा ती कशासाठी काढत होती, ते ठाऊक असायला हवं. तिची आई टास्मानियात, पार दक्षिणेच्या बेटावर. मध्ये निम्मा देश आणि वर समुद्र. सहा वर्षांत मायलेकींची भेट नव्हती. पंच्याऐंशी साली आईचं पत्र आलं. तिच्या दोन्ही डोळ्यांतला दाब वाढला होता, आणि डॉक्टरांनी गोड बोलून का होईना पण स्पष्ट सांगितलं होतं की नजर जाणार. आईने लिहिलं होतं, "डोळे जायच्या आत एकदा तोंड दाखवून जा गं पोरी. बाकी मला काही नको."

केल्विन म्हणाला होता, "जाऊ की. पैसे साठले की जाऊ."

तेव्हापासून बिस्किटांच्या जुन्या डब्यात पैसे साठत होते. रविवारची तंगडी आधी बुधवारपर्यंत पुरायची, ती हिने गुरुवारपर्यंत ताणली. आणि गंमत अशी की कुणाची कुरकुर नाही! मुलं जेवायला बसायची, गुमान चार घास खायची आणि उठायची. आणखी हवंय म्हणून कुणी ताट पुढे करत नसे. नोलीनला वाटे, बघा, सवयीचा प्रश्न असतो सगळा. मग पुढच्या आठवड्यात ती आणखी थोडं कमी रांधायची. स्वतः सगळ्यांच्या शेवटी घ्यायची, पातेल्यात असेल तेवढं. तिची गळ्याखालची हाडं दिसायला लागली होती, पण तिकडे बघायला तिला फुरसत कुठे होती?

शहाऐंशीच्या हिवाळ्यात एका माणसाच्या तिकिटापुरते पैसे डब्यात झाले. तिने बॅगसुद्धा काढून पुसून ठेवली. त्याच आठवड्यात केल्विनच्या गाडीचा गिअरबॉक्स बसला. तो डोकं धरून पायरीवर बसला आणि म्हणाला, "नोल, माझ्याकडे फुटका सेंट नाही गं. गाडी नाही तर काम नाही." तिने डबा आणून त्याच्या मांडीवर ठेवला. तेव्हापासून आईची पत्रं तिची शेजारीण लिहून पाठवायला लागली. आईला अजून खिडकीचा उजेड तेवढा कळतो, असं शेवटच्या पत्रात होतं.

आता शाळेच्या कॅन्टीनचं सांगते. आमच्या शाळेत सोमवार, बुधवार, शुक्रवार कॅन्टीन चालतं, आणि ते आयाच चालवतात, पाळीपाळीने. मुलं सकाळी कागदी पिशवीवर आपलं नाव, वर्ग आणि काय हवं ते लिहून, आत नाणी टाकून वर्गाच्या टोपलीत ठेवतात. टोपली कॅन्टीनमध्ये येते. आया पिशव्या वाचतात, त्यात गरम गरम खाणं भरतात, आणि दुपारी टोपली वर्गात परत. नोलीनची मुलं घरचा डबा न्यायची, त्यामुळे तिचा आणि कॅन्टीनचा संबंध नव्हता. पाळ्या लावणारी बेरिल तिला कधी बोलवायचीही नाही. "तुला घरचंच किती असतं, तुला कशाला त्रास!" म्हणायची. नोलीन म्हणायची, बेरिलसारखी समजूतदार बाई नाही.

सत्त्याऐंशीच्या ऑगस्टमधल्या एका बुधवारी कॅन्टीनच्या दोन बायका तापाने आडव्या पडल्या. हेडमास्तर नवे होते, त्यांना काय माहीत? त्यांनी यादीतला दिसला तो नंबर फिरवला, आणि नोलीन ॲप्रन घेऊन हजर झाली.

तिला दारात पाहून बेरिलचा चेहरा खर्रकन उतरला. "नोल? तुला कोणी बोलावलं?"

"हेडमास्तरांनी. का गं, मी काय चोर आहे?"

"तसं नाही गं! तू असं कर, मागे बसून संत्री चीर. पिशव्यांचं मी बघते."

"संत्री काय, दोन मिनिटांत होतील. दे इकडे ती टोपली. एकटी किती करशील?"

बेरिलने टोपली धरून ठेवली. नोलीनने हसत हसत ओढली. दोघींची थोडी झोंबाझोंबीच झाली म्हणा ना. शेवटी टोपली नोलीनच्या हातात आली आणि तिने वरची पिशवी उचलली.

पिशवी चार घड्यांची होती. ही घडी तिची स्वतःची, ती लाखात ओळखली असती. गेले काही महिने खणातल्या पिशव्या कमी का होतात, हे कोडं तिला पडलंच होतं. पिशवीवर पेन्सिलीने ठसठशीत मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : शेन क्रॉथर्स, पाचवी. खिमा पॅटिस एक, सॉससकट. चॉकलेट दूध एक. अक्षर केल्विनचं. ट्रकच्या पावत्यांवर तो अगदी अस्संच लिहायचा.

दुसऱ्या टोपलीत जोडीची पिशवी निघाली. तिसरीत लीॲनची, त्यात वर क्रीम बनसुद्धा.

"कधीपासून?" नोलीनने विचारलं.

बेरिल पुसलेलाच ओटा पुन्हा पुसायला लागली. "मला नक्की नाही गं माहीत..."

"बेरिल, तू पाळ्या लावतेस. कधीपासून?"

"दीड-दोन वर्षं झाली असतील. त्याने हात जोडले गं आमच्यापुढे. म्हणाला, तिला कळलं तर कोलमडेल. मग आम्ही सगळ्यांनीच... जाऊ दे ना. पोरांनी चार पॅटिस खाल्ले, त्यात एवढं काय!"

आम्ही सगळ्यांनीच! म्हणजे मंडळात वह्या उघडून बसलेल्या त्या सगळ्या बायका. तिचा तक्ता उतरवून घेत होत्या आणि तिचीच पोरं काय खातात ते जाणून होत्या. गावभर अळीमिळी गुपचिळी, आणि एकट्या हिला पत्ता नाही. माझं नाव होतं का त्या 'सगळ्यां'त, असं विचाराल तर होतं. महिन्यातून एक शुक्रवार माझा असायचा. मीही पिशव्या भरल्यात. आज लाज वाटते, तेव्हा फक्त हसू यायचं.

नोलीनने ॲप्रन सोडला नाही. तिने आपल्या तिन्ही मुलांच्या पिशव्या भरल्या, सॉस घातला, तोंडं नीट दुमडली, आणि सगळ्या टोपल्या रवाना झाल्यावरच घरी गेली.

वाटेत फोग्ट म्हातारा कुंपणापाशी कोंबड्यांना दाणा टाकत होता. त्याच्याकडून तिला अंडी स्वस्तात मिळायची, आणि त्याचा तिला केवढा अभिमान! आज तिने कोंबड्यांकडे नीट बघितलं. मातीत ब्रेडचे चौकोनी तुकडे पडले होते, चरबी फासलेले, कडा काढलेले. सकाळी सहाला उठून तिनेच कापलेले.

म्हातारा सहज म्हणाला, "तुझी पोरं फार गुणी हो! शाळेत जाताना दर सोमवार, बुधवार, शुक्रवार माझ्या कोंबड्यांना ब्रेड घालतात. म्हणून तर अंडी अशी मोठी होतात."

त्या संध्याकाळी टिक्क्यांचा वार होता. नोलीनने टेबलावर पाच ताटं मांडली आणि सगळी रिकामीच ठेवली. केल्विन हात धुऊन आला, बसला, ताटाकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"काय गं, आज काय आहे?"

"तूच सांग. पिशवीवर लिहून दे. भरून आणते."

लीॲनने मान खाली घातली. शेन रडवेला झाला. धाकटी जोडी मात्र पटकन बोलून गेली, "आईला सांगायचं नाही असं ठरलं होतं ना, बाबा?"

केल्विनने खूप सांगितलं. शेनला वर्गात पोरं चरबी-पाव, चरबी-पाव म्हणून चिडवायची, तो रडत घरी यायचा. तुला सांगणार होतो, पण तुझा तो तक्ता, तुझं ते मंडळ, तू किती खुशीत असायचीस. तुला वाईट वाटेल म्हणून गप्प बसलो. आणि तो खोटं बोलत नव्हता, हे तिला कळत होतं. त्यानेच तर जास्त लागलं.

"वाईट एकदाच वाटलं असतं रे," ती म्हणाली. "चरबी आवडत नाही म्हणाला असतास तर मी जॅम लावला असता. मी काय राक्षसीण होते?"

"चुकलं माझं, नोल."

"पैसे कुठले?"

"सुगीतला जादा कामाचा पगार. तो मी वेगळा ठेवायचो. शेडमध्ये."

मग तिने अगदी हळू आवाजात विचारलं, "गिअरबॉक्स गेला, तेव्हा होते शेडमध्ये?"

केल्विनने काट्याशी चाळा केला.

"होते का?"

"थोडे होते."

"गिअरबॉक्सपुरते?"

त्याने काटा खाली ठेवला. लीॲन रडायला लागली, आणि नोलीनला उत्तर मिळालं. पॅटिस, क्रीम बन, ते सगळं तिने गिळलं असतं. पण तिची आई तिकडे खिडकीत डोळे ताणून बसली होती, आणि हा पायरीवर डोकं धरून बसला होता, शेडमध्ये पैसे असताना! केसाने गळा कापणं म्हणतात ते आणखी काय वेगळं असतं?

"जा, घेऊन ये," ती म्हणाली. "सगळे."

"नोल, अगं असं तडकाफडकी... पोरांचं काय? आम्ही खायचं काय?"

"इतकी वर्षं माझ्याशिवाय खाताय की," ती म्हणाली. "तसंच खा."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने ती निघाली. मी टपालाला आले होते तर स्टॉपवर दिसली. मी म्हटलं, "नोलीन, अगं मला बोलायचं होतं." तिने बॅग या हातातून त्या हातात घेतली आणि म्हणाली, "दोन वर्षं होती की तुला, बाई."

बस, मग आणखी एक बस, मग मेलबर्नहून रात्रभराची बोट. शनिवारी दुपारी ती आईच्या दारात पोचली. पुढचं तिने परत आल्यावर बऱ्याच वर्षांनी मला सांगितलं, तेही एकदाच.

शेजारणीने दार उघडलं. आई खिडकीपाशी खुर्चीत होती. पावलं ऐकून तिने तोंड वळवलं, पण दाराकडे नाही, भिंतीकडे.

"नोलीन? आलीस? बोल ना काहीतरी, पोरी. मला कळत नाही गं तू कुठे आहेस."

"खिडकीचा उजेड दिसतो ना तुला आई? पत्रात लिहिलं होतंस."

"जून महिन्यात तोही गेला. तुला कळवू नको म्हटलं हिला. तुला वाईट वाटेल म्हणून."

नोलीन गुडघ्यांवर खाली बसली आणि तिने आपलं तोंड आईच्या हातात दिलं. म्हातारीची बोटं कपाळावरून गालांवर आली, गालांवरून मानेवर, मग खांद्यांवर. तिथे ती थांबली. तिने मनगट चाचपलं, पुन्हा गाल चाचपले.

"अगं बये! नुसती हाडं लागतायत हाताला. घरात खायला नाही का तुमच्या?"

"आहे गं आई. पुष्कळ आहे. सगळी खाऊनपिऊन बरी आहेत."

"मग तूच कशी गं उपाशी राहिलीस?"

नोलीनने आईच्या मांडीवर डोकं टेकलं. तीन दिवसांत तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, ते आता आलं.

"मला कुणी सांगितलंच नाही," ती म्हणाली.